काच उचलली की हाक एकाचीच

आमच्या काचेच्या दुकानात नियम म्हणावा असा एकच होता. काच उचलली की हाक एकाचीच. एरवी कोणीही काहीही बोलावं. बाबा काच कापताना गुणगुणायचे, मी कापताना बडबडायचो, आणि गिऱ्हाईक तर पायरी चढतानाच बोलू लागायचं, कारण ज्याच्या घरातली काच फुटते त्याला ती कशी फुटली ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आजवर आमच्या एकाही गिऱ्हाइकाच्या हातून काच फुटलेली नाही. ती कायम वाऱ्याने, मांजराने किंवा मेहुण्याने फुटते.

पण मोठी काच दोघांनी उचलली की दुकान गप्प. मोठी काच नेणाऱ्याला काच सोडून काही दिसत नाही. मान काचेला टेकलेली, दोन्ही हात खालच्या कडेला अडकलेले, पाय कुठे पडतोय ते देवाला ठाऊक. देवाला आणि आईला. आई पुढे चालायची आणि हाक द्यायची. हाका चार-पाचच. "उचल." "ये, ये, ये." "डावी घे." "थांब." "टेकव." प्रत्येकीची चाल ठरलेली. "थांब" तुटक, अर्धवट गिळलेलं. "ये, ये, ये" लांबट, लहान मुलाला पहिली पावलं टाकायला लावताना म्हणतात तसं. "टेकव" हळूहळू खाली उतरत जाणारं, की काचेआधी तिचा आवाजच जमिनीला लागावा. या हाकांवर आम्ही बापलेकांनी शहरभर काचा वाहिल्या, आणि फुटलेल्यांचा दोष द्यायला आमच्याकडे मेहुणासुद्धा नव्हता.

काम नसलं की आई मला ठोंब्या म्हणायची. खरं नाव आहे मला, चर्चमध्ये पाणी शिंपडून दिलेलं, पण ते आईने बहुतेक त्या दिवशी एकदाच वापरलं. ठोंब्या, जेवायला चल. ठोंब्या, तो टॉवेल पाय पुसायचा आहे का. मी मोठा झालो, मिशी आली, दुकानाच्या पाटीवर बाबांच्या खाली "आणि मुलगा" अशी अक्षरं आली. आईच्या लेखी त्या "मुलगा"चा उच्चार ठोंब्या असाच होता.

मग एका सकाळी आईच्या हातातून कप सुटला आणि कपापाठोपाठ सगळे शब्द. कपाचे तुकडे मी गोळा केले. शब्दांचं काय करायचं ते कोणाला कळेना.

दवाखान्यातून ती घरी आली ती एक काठी, संथ झालेला उजवा हात आणि एक शब्द घेऊन. शब्द होता, येशू.

आता आमचं घर विश्वासणाऱ्यांचं. ते नाव आमच्याकडे जेवणाआधी असायचं, प्रार्थनेच्या शेवटी पाकिटावर तिकीट लावावं तसं असायचं, आणि कढई पायावर पडली तरी तेच असायचं. मलाही त्या नावाबद्दल आदर होता. म्हणजे वीजपुरवठ्याबद्दल असतो तसा. चालू आहे तोवर विचार कशाला करायचा.

पण आता ते नाव दिवसभर चालू झालं. चहात साखर कमी पडली, येशू. माझी चप्पल दारात आडवी, येशू. शेजारचं मांजर ओट्यावर, येशू, आणि ते इतक्या कडक आवाजात की मांजराने पुढे आठवडाभर आमच्या घराकडे पाहिलं नाही. बाबा घोरायला लागले की अंधारात एक थकलेला, संसारी "येशू" ऐकू यायचा आणि बाबा कूस बदलायचे. पहिल्या काही दिवसांतच आम्हाला सगळं समजायला लागलं. शब्द एकच होता, पण चाली सगळ्या शाबूत होत्या. आईचं बोलणं होतं तसंच होतं, फक्त आतलं सामान बदललं होतं.

पाळक भेटायला आले तेव्हा आईने नुकतीच फरशी पुसून घेतली होती. माझ्याकडून. पाळक बुटांसकट आत आले. आईने काठी उचलली आणि म्हणाली, "येशू." पाळक जागच्या जागी थांबले. आईने काठीचं टोक त्यांच्या बुटांकडे नेलं आणि पुन्हा म्हणाली, या वेळी खालच्या पट्टीत. पाळकांनी वाकून बूट काढले. त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता आणि तो अंगठासुद्धा घाबरलेला दिसत होता. मग ते बसले आणि त्यांनी आईचा हात हातात घेऊन प्रार्थना केली.

दारात त्यांनी मला सांगितलं की जन्म गेला या नावावर प्रवचनं देण्यात, पण या नावाने कोणी त्यांना बूट काढायला लावले नव्हते. पुढे म्हणाले, "तुझ्या आईकडे एकच शब्द उरलाय असं लोक म्हणतील, तू म्हणू नकोस. त्या नावाचा अर्थ आहे, देव तारतो. म्हणजे तिच्याकडे अख्खं वाक्य उरलंय." मी हो म्हणालो. ते फाटकापर्यंत गेले तरी बूट त्यांच्या हातातच होते.

मला मात्र त्या वाक्याशी कर्तव्य नव्हतं. मला ठोंब्या हवं होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही. मिशी असलेल्या माणसाला आईने मठ्ठ म्हणावं म्हणून झोप लागत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? पण खरं तेच होतं. आई मला हाक मारायची ती येशू म्हणून, मांजराला मारायची तीही येशू म्हणूनच, आणि त्या गर्दीत मी कुठे हरवलो होतो ते मलाच सापडेना.

म्हणून वाचाताई आल्या तेव्हा मी त्यांचा सगळ्यात निष्ठावान शिष्य झालो. वाचाताई म्हणजे बोलणं परत आणण्याचे उपचार करणाऱ्या बाई. माझ्याहून थोड्याच मोठ्या, पिशवीत चित्रांचे पत्ते, कप, कंगवा, दार, झाडू. त्यांनी समजावून सांगितलं की मेंदूचा बोलण्याचा कारखाना डाव्या बाजूला असतो, तो बंद पडला, पण जन्मभर घोटलेले काही शब्द दुसरीकडे साठवलेले असतात, ते वाचतात. कोणाची प्रार्थना वाचते, कोणाचे आकडे. त्यांच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांच्यापाशी फक्त एक शिवी उरली होती, आणि तीही अशी की नातवंडांना बाहेर खेळायला पाठवावं लागे. त्या मानाने तुमचं बरं आहे, असं त्या म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली. तुलनेने आम्ही खरोखरच भाग्यवान होतो.

पण मग त्यांनी नियम घालून दिला. तो एक शब्द म्हणजे कुबडी आहे. त्याच्यावर सगळं मिळतंय तोवर आई दुसरा शब्द शोधायला जाणारच नाहीत. तेव्हा त्या शब्दावर कोणी उठायचं नाही, वळायचं नाही, ओ द्यायचा नाही. चित्र दाखवायचं, थांबायचं, दुसरा कुठलाही आवाज निघाला तर लगेच हजर व्हायचं. त्या रागाने बोलत नव्हत्या. आईचं भलं व्हावं असंच त्यांच्या मनात होतं. बाबांनी एवढंच विचारलं की अगदी त्या नावावर ओ द्यायचा नाही का. वाचाताई थोड्या अवघडल्या आणि म्हणाल्या की तुम्ही प्रार्थना जरूर करा, फक्त आईंनी घेतलं की ऐकू आलं नाही असं दाखवा.

अशा रीतीने आमच्या घरात त्या नावाने हाक मारली की कोणी उठेनासं झालं. तसं पाहिलं तर हे आधीही होत होतं, पण आता ते डॉक्टरी सल्ल्याने होऊ लागलं.

मी नियम काटेकोर पाळला. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो. अंगातले सगळे स्नायू उठायला धावायचे, मी त्यांना बसवायचो. सुरुवातीला आई चिडली. काठी आपटायची, नाव वरच्या पट्टीत जायचं. मग ती पेपरच्या कडेवरून वाकून बघायची, मी पान उलटायचो. सरावाने असं झालं की ते नाव कानावर पडलं की माझं अंग आपोआप थिजायचं. दूध उतू जाताना तिने हाक मारली तेव्हा मी झाडूचं चित्र धरून उभा होतो.

आणि मग ती बोलायचीच कमी झाली. दुसरा शब्द आला नाही. होता तोच विरत चालला. संध्याकाळी खिडकीशी बसायची, ओठ मिटून. वाचाताई म्हणाल्या की मधे असा शांत काळ येतो, धीर धरा. मी धीर धरला. पण आतून जीव टांगणीला लागला होता, की ठोंब्या तर येत नाहीच आहे, आणि जे होतं तेही माझ्याच हाताने जातंय.

याच दिवसांत डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. दुसऱ्या मजल्यावर, तपासणीच्या खोलीत आडोशाला लावायची एक अखंड दुधी काच, माणसाहून बरीच उंच. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली. या काचेचा स्वभाव सांगायला हवा. मधोमध बुक्की मारा, तुमचाच हात दुखेल. पण तिच्या कोपऱ्याला कुठे टिचकी बसली, की ती काच राहत नाही. क्षणात खडीसाखर होते, आणि ती खडीसाखर खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर सांडते.

लिफ्ट एवढीशी. काच जिन्यानेच न्यायची होती. मी वर, पाठमोरा चढणार. बाबा खाली, सगळं वजन त्यांच्या अंगावर. आणि हाक द्यायला काका.

काका बाबांचे धाकटे भाऊ. उभी नोकरी एका कचेरीत गेली आणि तिथे ठाम असं काही न बोलण्यातच त्यांची बढती होत गेली. आईच्या आजारपणानंतर ते हौसेने मदतीला आले होते. पण त्यांची हाक अशी असे की पुढे पायरी येण्याची शक्यता नाकारता येत नाही. "थांब" असं त्यांना म्हणताच यायचं नाही. ते म्हणायचे, थांबायला हरकत नसावी. शिवाय हाक देणाऱ्याने पुढे असायला हवं, तर हे मागून चालायचे. म्हणायचे, मागून सगळं एकत्र दिसतं. त्यात सगळ्यात ठळक त्यांना बाबांची पाठ दिसत असणार.

आईला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. तिला आम्ही टेम्पोत पुढे बसवून आणलं. कंपाउंडरने तिला लिफ्टने वर नेलं आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जो व्हरांडा होता, तिथल्या बाकावर बसवलं. त्या बाकांवर शस्त्रक्रिया झालेले पेशंट ओळीने बसले होते. सगळ्यांच्या डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. आई त्यांच्या टोकाला, काठी दोन्ही हातांत धरून. तिथे डोळे उघडे असलेली तेवढी एकच होती.

आम्ही काच उचलली. पहिला मजला पार झाला. काका मागून सांगत होते की वळण साधारण जवळ आलं असावं. माझी मान काचेला चिकटलेली, समोर पांढरं, जसं धुक्यात तोंड घातलंय. पलीकडे बाबांची सावली आणि त्यांचा श्वास. मधल्या चौकात आम्ही काच तिरकी करून वळवली आणि शेवटच्या थोड्या पायऱ्या राहिल्या. मी एक पाऊल मागे, वर. आणखी एक. काकांनी एका जुन्या साहेबांची आठवण काढली होती, जिन्यावरूनच काहीतरी.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"येशू."

तुटक. अर्धवट गिळलेला.

माझ्या डोक्याने तो ऐकला. तो आईचा आहे हेही कळलं. आणि माझं अंग, इतक्या दिवसांच्या सरावाने, अगदी आज्ञाधारकपणे काहीच न करता पुढचं पाऊल टाकायला निघालं. पाय उचललासुद्धा.

काच हलली नाही. खालच्या बाजूने कोणीतरी ती भिंतीत चिणल्यासारखी धरली होती. माझे हात ओढले गेले, खांदा कळवळला, पाय होता तिथे परत आला. बाबा थांबले होते. ते नाव पुरतं संपायच्या आत थांबले होते.

मी डोळे वर केले. जिन्यावरच्या तुळईचा सिमेंटचा काठ खाली उतरत आला होता, आणि काचेचा वरचा कोपरा आणि तो काठ यांच्यामध्ये फार तर दोन बोटं मावली असती. आणखी एक पाऊल, की काच खडीसाखर. आणि खाली बाबा, मान वर करून.

काकांचे साहेबही जिन्यावर जिथे होते तिथे थांबले.

मग काचेपलीकडून बाबांचा आवाज आला, शांत, दुकानात असायचा तसा. "धाकट्या, तू आता गप्प. हाक तिची आहे."

काका गप्प झाले, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट ठामपणे केली.

वर काठी टेकल्याचा आवाज झाला. आई उठून जिन्याच्या तोंडाशी आली होती. जिथे हाक देणाऱ्याने असायला हवं, तिथेच. तिने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं असेल, एकदा माझ्या टाचांकडे. ते मला दिसलं नाही. मला फक्त ऐकू आलं.

"येशू." वरून खाली उतरत.

टेकव. आम्ही बोटभर खाली घेतली. कोपरा तुळईपासून सुटला.

"येशू." डावीकडे झुकलेलं.

डावी घे. मी डावी घेतली.

"येशू... येशू... येशू..."

ये, ये, ये. आणि मी आलो. एक पाऊल, थांबून पुढचं. मागे काही दिसत नव्हतं, समोर पांढरं होतं, हातात एवढं वजन, खाली बाप, आणि या सगळ्याला आधार म्हणून हवेत फक्त एक नाव होतं. मी लहानपणापासून ते हजार वेळा म्हटलं असेल. त्यावर कधी पाय ठेवला नव्हता. आता एकेका पायरीआधी ते पुढे येत होतं आणि मी त्यावर पाय ठेवत होतो, आणि ते माझं, काचेचं आणि बापाचं वजन पेलत होतं. मी विनोदी माणूस आहे, अशा वेळी मला काहीतरी सुचतं. काही सुचलं नाही.

आणि एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. तो पहिला तुटक "येशू" कोणासाठी होता? मला थांब म्हणून होता, की याला थांबव म्हणून, ज्याचं ते नाव, त्याला होता? मी तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तरी थांबवलं गेलोच.

व्हरांड्यात पट्ट्या बांधलेली माणसं ऐकत होती. त्यांना काय ऐकू येत असेल ते बघा. जिन्यातून जड पावलं वर चढताहेत, कोणीतरी धापा टाकतंय, आणि एक बाई प्रत्येक पावलाला तेच नाव घेऊन, ये, ये, असं कोणालातरी वर बोलावतेय. माझी पाठ व्हरांड्याच्या पातळीला आली तेव्हा मागे बाकांची करकर झाली. मी मान जरा कलती केली. हिरव्या पट्ट्यांची ती अख्खी ओळ उभी राहिली होती. एक म्हातारे गृहस्थ हात पुढे करून हवा चाचपत होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "कोण आलंय?"

कंपाउंडर भला माणूस, खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, "काच आलीय, आजोबा."

आजोबा काही बसले नाहीत. ओळीतलं कोणीच बसलं नाही. काच खोलीत जाऊन चौकटीत उभी राहीपर्यंत, आणि आईचा शेवटचा "येशू" उतरत उतरत जमिनीला लागेपर्यंत, सगळे तसेच उभे होते. मग आजोबांनी मान हलवली, जशी काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर कंपाउंडरने न देता दुसऱ्याच कोणी दिलं असावं.

परतताना टेम्पोच्या मागच्या बाजूला मी आणि बाबा बसलो होतो. मी विचारलं, तुम्ही थांबलात कसे? नियम तर तुम्हालाही होता. बाबा म्हणाले, "तू पेपर तोंडासमोर धरायचास ना, तेव्हा मी मागच्या दाराने आत जायचो." म्हणजे इतके दिवस माझ्या पाठीमागे हे चाललं होतं. आई हाक मारायची, मी मख्ख बसायचो, आणि बाबा बादलीला वळसा घालून, मांजराच्या वाटेने, तिच्यापाशी जाऊन उभे राहायचे. वाचाताईंना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले की त्या बाईचं चुकत नव्हतं, पण त्या नावावर न उठायची सवय लागली तर एक दिवस भलत्याच वेळी बसून राहू, अशी त्यांना भीती वाटायची. मी खांदा चोळत राहिलो. भलती वेळ नुकतीच येऊन गेली होती.

वाचाताईंना आम्ही सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्या खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसल्या आणि त्यांनी मला जिन्यातली प्रत्येक चाल म्हणून दाखवायला लावली. मग पुन्हा एकदा. मग आईला. शेवटी म्हणाल्या, "मी हा शब्द काढायला निघाले होते. याच्यावरूनच सुरुवात करू." तेव्हापासून त्या आईच्या हातावर हलका ताल धरतात, आई ते नाव त्या चालीत घेते, आणि चालीच्या शेपटाला त्या एखादा नवा शब्द बांधून बघतात. बहुतेक सुटून पडतो.

एक मात्र टिकला. महिनाभराने एका दुपारी आई खिडकीतून वळली, माझ्याकडे बघितलं, तोंडाची जुळवाजुळव केली. मी उभा राहिलो. बाबाही उभे राहिले. आईने श्वास घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "पोतेरं."

मी फरशी पुसली. रांगेत पोतेरं माझ्या पुढे लागलं होतं, त्याला इलाज नाही. ठोंब्या अजून आलेला नाही. वाचाताई म्हणतात, येईल किंवा येणारही नाही, आणि हे सांगताना त्यांचा आवाज काकांसारखा होतो.

काल संध्याकाळी मी दुकानातून आलो. पेपर उघडला. आतून आईचा आवाज आला, "येशू." ना तुटक, ना लांबट. मी पेपर टाकला, "ओ," म्हणालो आणि स्वयंपाकघरात गेलो.

आई स्टुलावर बसली होती. डोळे मिटलेले, डावा हात उजव्या हातावर. ती मला बोलावत नव्हती. ती प्रार्थना करत होती, आणि मी मधेच ओ देऊन बसलो होतो. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या एका डोळ्यात ठोंब्या अगदी ठसठशीत होता. मी जायला वळलो.

"येशू," ती म्हणाली आणि काठीने दुसरं स्टूल माझ्याकडे ढकललं.

हे माझ्यासाठी होतं. मी बसलो. तिने डोळा मिटला आणि त्याच आवाजात, त्याच चालीत पुन्हा नाव घेतलं. ते माझ्यासाठी नव्हतं. ओट्यावर चहा निवत होता, मांजर खिडकीत येऊन बसलं होतं आणि आत यावं की नाही या विचारात होतं. मी हललो नाही. वाटलं, या हाकेला आता दुसरं कोणीतरी ओ देईल, आणि ते देताना आपण इथेच असावं.